ॲरिस्टोडेमसला विस्तव कोणी द्यायचा?

नमस्कार, श्रोतेहो.

बाजीप्रभूंची पावनखिंड सांगताना थर्मोपिलीचा दाखला हटकून दिला जातो, त्यामुळे लिओनिडास राजा आणि त्याचे तीनशे स्पार्टन आपल्या ओळखीचे आहेत. इ.स.पू. ४८० मध्ये डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर झर्क्सिसची इराणी फौज अडवताना ते कामी आले. आज बोलायचंय ते त्यांच्यातल्या अशा एकाविषयी, जो जिवंत घरी परतला. त्याचं नाव ॲरिस्टोडेमस.

तो पळाला नव्हता. त्याचे डोळे आले होते, आणि तेही इतके वाईट, की लिओनिडासनेच त्याला रजा देऊन मागे अल्पेनी गावात पाठवलं. सोबत युरिटस नावाचा दुसरा सैनिक होता, त्याचीही तीच गत. दोघं तिथे पडून असताना बातमी आली, की इराणी डोंगरातल्या आडवाटेने मागून उतरले आहेत. युरिटसने चिलखत मागवलं, अंगावर चढवलं आणि आपल्या हेलॉटला, म्हणजे स्पार्टाच्या गुलामाला, सांगितलं, "मला लढाईपर्यंत ने." डोळ्यांना धड दिसत नाही, हात धरून नेणारा हा गुलाम. त्याने धन्याला रणाच्या तोंडाशी सोडलं आणि तो पळाला. युरिटस गर्दीत घुसला आणि मेला.

ॲरिस्टोडेमस मात्र गेला नाही.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इथे फार नेमकं लिहितो. एकटा ॲरिस्टोडेमसच आजारी पडून परतला असता, किंवा दोघेही मिळून परतले असते, तर स्पार्टन चिडले नसते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे घात केला तो शेजारच्या खाटेवरून उठून गेलेल्या माणसाने! तो निरोप्या म्हणून गेला होता आणि मुद्दाम रेंगाळला, अशीही एक हकिगत हेरोडोटस देतो, पण तिच्यातही त्याचा जोडीदार वेळेवर परतून मरतोच.

स्पार्टात पाय ठेवल्यावर त्याला वाळीत टाकलं गेलं. कोणी त्याच्याशी बोलेना. कोणी त्याला विस्तव देईना. चूल विझली तर शेजारून निखारा आणायचा काळ तो. आणि नाव पडलं 'थरथऱ्या ॲरिस्टोडेमस'. स्पार्टात भित्र्याचं जिणं कसं असे, हे पुढच्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय. चेंडूच्या खेळात दोन बाजू पडल्या की त्याला कोणी घेत नाही. रस्त्यात त्यानेच बाजूला व्हायचं, धाकट्यांसाठीसुद्धा बसल्या जागेवरून उठायचं. अंगाला तेल लावून, हसऱ्या चेहऱ्याने फिरायचं नाही, नाहीतर मार. मला यातला चेंडूचा खेळ सगळ्यात जास्त झोंबतो. कोणी काही बोलत नाही, नुसतं निवडत नाही.

थर्मोपिलीहून आणखी एक जण वाचला होता म्हणतात, पँटिटीस. त्याला निरोप घेऊन थेसलीला धाडलं होतं. परतल्यावर अशीच अप्रतिष्ठा वाट्याला आली, आणि त्याने गळफास घेतला.

ॲरिस्टोडेमसने वर्षभर कळ काढली. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लॅटियाला इराण्यांशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा तो स्पार्टन रांगेत होता. रांग सोडून, वेड्यासारखा पुढे घुसून तो लढला आणि पडला. हेरोडोटस स्वतःचं मत देतो, की त्या दिवशी सगळ्यांत शूर तोच. लढाईनंतर स्पार्टनांनी आपसात खल केला आणि मान दिला तिथेच पडलेल्या दुसऱ्या एका स्पार्टनाला, पॉसिडोनियसला. त्यांचं म्हणणं, ॲरिस्टोडेमसला मरायचंच होतं. पॉसिडोनियसला मरायचं नव्हतं आणि तरी तो शौर्याने लढला. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ढालीला ढाल लावून उभ्या राहणाऱ्या रांगेत एक जण पुढे धावला, की शेजाऱ्याची कूस उघडी पडते. पण ज्यांनी त्याला जगणं नकोसं केलं, त्यांनीच मरणाच्या इच्छेचा ठपका ठेवावा, हे जरा अतीच झालं. यात असूयाही असेल, असं हेरोडोटसही सुचवतो. नावाजलेल्या बाकीच्या मृतांचा सन्मान झाला, याचा नाही.

आता पुढचं पाहा. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाच्या बाजूच्या २९२ जणांनी अथेन्सपुढे शस्त्रं टाकली. त्यांत सुमारे १२० अस्सल स्पार्टन नागरिक होते. सुटून आल्यावर त्यांचे अधिकारपदाचे आणि खरेदी-विक्रीचे हक्क काढले गेले, कारण अपमानित झालेले इतके लोक बंड करतील अशी धास्ती होती. काही काळाने हक्क परतही मिळाले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला तर स्पार्टाचा दारुण पराभव झाला, आणि पळून आलेले इतके, की सगळ्यांना वाळीत टाकलं तर लढायला माणूस उरायचा नाही. तेव्हा राजा ॲजेसिलॉसने तोडगा काढला: आजच्या दिवसापुरतं कायद्यांना झोपू द्या, उद्यापासून ते पुन्हा लागू. त्या एका दिवसात ते सगळे सुटले.

नमस्कार.