चंदी, कांदा आणि मका : घोड्याच्या पोटाची गोष्ट

(दृश्य : येवल्याचा घोडेबाजार. गिऱ्हाईक घोड्याचा ओठ उचलून दात बघतंय.)

येवल्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग पाय, मग अंगावरचे केसांचे भोवरे. भोवरा शुभ की अशुभ, यावर तासभर वाद रंगतो. पोटाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, आणि घोडा दगावतो तो बऱ्याचदा पोटानेच.

नाशिक जिल्ह्याच्या खेड्यांत घोडा गाई-बैलांच्या शेजारीच बांधलेला दिसतो. वैरण तीच, उपचार तेच, सल्लेही तेच. पण गाय रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं. जठराच्या तोंडाशी स्नायूची पकड इतकी घट्ट, की त्याला उलटी जवळपास होतच नाही. जे आत गेलं ते आतड्यातूनच पुढे सरकायला हवं. कुठे अडकलं, वायू धरला किंवा आतड्याला पीळ पडला, की पोटशूळ उठतो.

(दृश्य : तबेला. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय.)

बघा, हा जमीन उकरतोय. मान वळवून कुशीकडे बघतोय, वरचा ओठ दुमडतोय. आता बसेल, उठेल, लोळायला लागेल. कुशीला कान लावा. निरोगी घोड्याच्या पोटात गुडगुड सुरूच असते, इथे काहीच ऐकू येत नाही. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जबड्याखाली नाडी लागते. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44. ती साठीच्या वर टिकून राहिली तर डॉक्टरांची वाट बघत बसू नका, गाडीची सोय बघा.

नेमक्या अशा वेळी कुणीतरी जाणता पुढे होतो आणि बैलाला पाजतात तसं, मुंडकं वर धरून बाटलीने गोडेतेल ओततो. हेतू चांगला असतो. पण ते तेल श्वासनलिकेत उतरलं तर पोटदुखीच्या जोडीला न्यूमोनिया. डॉक्टर तेलकट औषध देतात ते नाकातून थेट जठरात नळी घालून. तोवर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, बंद ठेवा आणि 1962 वर फोन लावा. पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्याचा तो नंबर.

(दृश्य : लासलगावच्या रस्त्याकडेला टाकलेला कांदा.)

भाव पडला की कांदा जनावरांपुढे टाकला जातो. घोड्याने तो पोटभर खाल्ला तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी तांबूस-काळपट होते. मक्याचं दुखणं याहून वाईट. पावसात भिजून बुरशी धरलेला मका गाय बऱ्याचदा पचवून टाकते. घोड्याचा मात्र मेंदू सडतो. तो झोकांड्या खातो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो आणि काही दिवसांत जातो. यावर उतारा नाही. पोल्ट्रीचं उरलेलं खाद्यही तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, नको. कोंबड्यांना चालणारं त्यातलं मोनेन्सिन हे औषध घोड्याचं हृदय निकामी करतं.

लग्नसराईत वरातीची घोडी सगळ्यांची लाडकी. कुणी गूळ देतं, कुणी ओंजळभर हरभरे. दुसऱ्या दिवशी ती पुढचे पाय लांब टाकून मागे रेललेली दिसते, खूर हाताला गरम लागतात. हा लेमिनायटिस. खुराच्या आतला थर सुजतो, आणि वेळीच आवरलं नाही तर आतलं हाड खाली फिरतं. घोडी नाचवणाऱ्याला हे कोण सांगणार!

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा, नाल निखळेपर्यंत थांबू नये. धनुर्वाताची लस तर चुकवूच नका. खुरात घुसलेला एक गंजका खिळाही घोड्याला पुरतो. पावसाळ्यात गोमाश्या सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरवतात. ताप येतो-जातो, पायांवर सूज चढते, खाऊनही घोडा वाळत जातो. निदान रक्त तपासूनच होतं.

(दृश्य : रक्ताच्या नमुन्याची बाटली, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी.)

ग्लँडर्स या जिवाणूंच्या संसर्गजन्य रोगाची गोष्ट वेगळी. नाकातून चिकट पिवळा स्राव येतो, पायांवर गाठी येऊन फुटतात. तो माणसालाही होतो. संशय आला की नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो, आणि रोग पक्का ठरला तर कायद्याने जनावराला दयामरण द्यावं लागतं. म्हणून नवं घोडं आणलं की तपासणी होईपर्यंत ते वेगळं बांधा. बादली, तोबरा, खराऱ्याचा ब्रशही वेगळा. जखम उघड्या हाताने धुऊ नका, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.