बंदरावर काय बदललं, ते मोजायचं कसं

हे रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. बोटी लागल्या की धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते, लिलावाचा गलका, बर्फाच्या गाड्या, आणि या सगळ्यात राबणारे खलाशी, त्यातले कितीतरी जण पार नेपाळ, कर्नाटकातून आलेले, घरापासून महिनोन्महिने लांब. म्हणूनच नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, स्थलांतरित कामगार आणि ट्रक ड्रायव्हर यांच्यासाठी एचआयव्ही प्रतिबंधाचं वेगळं काम चालवते.

आता समजा अशाच एका बंदरावर एखाद्या संस्थेने काम सुरू केलं. वर्षाअखेरीला रिपोर्ट येतो, इतके कंडोम वाटले, इतकी पथनाट्यं झाली, इतके लोक मीटिंगला आले. मेहनत खरीच आहे, पण त्याने कोणाचं वागणं बदललं का, हे त्यात कुठेच नसतं. आणि वर्ष संपल्यावर ते शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण आधी काय होतं तेच कोणी विचारून ठेवलेलं नसतं.

म्हणून पहिलं कंडोमचं पाकीट वाटायच्या आधी बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला काय स्थिती आहे ते विचारून नोंदवून ठेवणं. प्रश्न थोडेच पण नेमके. कायमच्या जोडीदाराशिवाय दुसऱ्या कोणाशी शेवटचा संबंध आला तेव्हा कंडोम वापरला होता का? गेल्या १२ महिन्यांत टेस्ट केली का, आणि रिझल्ट हातात मिळाला का? जो पॉझिटिव्ह निघाला तो एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, सेंटरला पोचला का, गोळ्या चालू आहेत का? नवीन लागण किती कमी झाली हे एका बंदरावरच्या छोट्या कार्यक्रमाला मोजता येत नाही, आकडेच तेवढे नसतात, त्यामुळे तसं वचन फंड देणाऱ्याला देऊच नये.

मग येतो सीझन, आणि माझ्या मते कोकणात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी गावाला. बेसलाइन जानेवारीत घेतली आणि नंतरचा सर्वे जुलैत, तर भेटतील ती माणसंच वेगळी, आकडा सुधारलेला दिसेल आणि श्रेय कार्यक्रमाला जाईल. जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशीच करा.

विचारायचं कसं हेही तितकंच महत्त्वाचं. समोर बसून, हातात फॉर्म घेऊन विचारलं की माणूस बरं दिसेल तेच सांगतो, त्यात आपल्याच वाडीतला कोणी विचारत असेल तर संपलंच. पोलिंग बूथ सर्वे नावाची पद्धत भारतात वापरली गेलीय. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकेक जण बसतो, प्रश्न मोठ्याने सगळ्यांना वाचून दाखवतात, आणि जो तो आपलं कार्ड 'हो' किंवा 'नाही'च्या डब्यात टाकतो. नाव नाही, सही नाही, लिहिता वाचता येण्याचीही गरज नाही. यात लोक जास्त मोकळेपणाने सांगतात. प्रश्न मात्र नेपाळी, कन्नड, हिंदीत तयार पाहिजेत.

अजून एक. काम चांगलं झालं तर पहिल्या वर्षी पॉझिटिव्ह जास्त सापडतील, कारण टेस्ट वाढल्या. तो आकडा बघून कार्यक्रम फसला म्हणणं हा अन्याय आहे, आणि असा अन्याय होतो.

आणि बदल झाला तो आपल्यामुळेच कशावरून? एआरटी २००४ पासून सरकारी दवाखान्यात मोफत आहे, २०१७ पासून पॉझिटिव्ह आल्यावर लगेच उपचार सुरू होतात, म्हणजे आपण नसतो तरी थोडं काही बदललंच असतं. म्हणून काम पुढच्या वर्षी सुरू होणार आहे अशा एखाद्या दुसऱ्या बंदरावरही तेच प्रश्न त्याच महिन्यात विचारायचे. तिथल्या लोकांचं टेस्टिंग, औषधं काहीही थांबवायचं नाही, सरकारी सेंटर तर चालूच असतं.

जे परत भेटलेच नाहीत त्यांचाही हिशेब ठेवा. खलाशी बोट बदलतो, नंबर बदलतो, आणि बऱ्याचदा धोका त्यालाच जास्त असतो. शोधताना तांडेलाची, म्हणजे बोटीच्या कप्तानाची, मदत घ्या, पण कशासाठी शोधतोय ते त्याला सांगायचं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कोणाची टेस्ट करता येत नाही की कोणाची स्थिती उघड करता येत नाही, म्हणून रजिस्टरमध्ये फक्त कोड.

या सगळ्याचा खर्च प्रपोजलमध्येच धरा. आणि आकडे आले की नुसते ऑफिसला पाठवू नका, ३१ मेच्या आत, खलाशी गावाला निघायच्या आधी, त्यांना धक्क्यावर बसवून सांगा.