दोन नायट्रोजन, मधे दोन कार्बन

मित्रहो, आज ज्या रसायनाबद्दल बोलायचं आहे, त्याची बाटली रसायनशास्त्राच्या बहुतेक विभागांत असते. एथिलीनडायअमीन. रंगहीन द्रव, अमोनियासारखा वास, उत्कलनबिंदू सुमारे ११७ अंश सेल्सिअस, रेणुभार ६०. मधे दोन कार्बन आणि दोन्ही टोकांना एकेक अमीन (नायट्रोजन असलेला) गट, संपली रचना. माझ्या मते याची बहुतेक सगळी करामत त्या मधल्या अंतरात आहे.

बीएस्सीचा साधा प्रयोग घ्या. निकेल सल्फेटच्या हिरव्या द्रावणात हे थोडं थोडं घालत जा. रंग आधी निळसर होतो, मग निळा, आणि एका निकेलमागे तीन रेणू झाले की जांभळा. प्रत्येक रेणू आपल्या दोन्ही टोकांनी एकाच निकेलला धरतो, दोन पाण्याचे रेणू बाजूला सारतो आणि धातूसकट पाच अणूंचं कडं तयार होतं. आता हेच अमोनियाशी ताडून पाहा. बंध नायट्रोजनचाच, तोही सहा वेळा. तरी सहा अमोनियाच्या संयुगाचा स्थिरता स्थिरांक (संयुग किती घट्ट टिकतं याचं माप) सुमारे १० चा ८.६ वा घात, तर तीन एथिलीनडायअमीनच्या संयुगाचा सुमारे १८.३ वा घात. फरक सुमारे पाचशे कोटी पटींचा! बंधांच्या ताकदीत एवढा फरक मुळीच नाही. एक टोक जोडलं गेलं की दुसरं लांब जाऊच शकत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे, तीन रेणू आत येताना सहा पाण्याचे रेणू मोकळे होतात, म्हणून एन्ट्रॉपी (अव्यवस्था) वाढते. मधे कार्बनच नसेल, म्हणजे हायड्रॅझिन घेतलं, तर तीन अणूंचं ताणलेलं कडं होईल. ते टिकत नाही. तीन कार्बन घेतले तर कडं सहा अणूंचं होतं आणि निकेलवरची पकड काहीशी सैल पडते.

याच पकडीवर एक मोठा वाद मिटला. डेन्मार्कच्या योर्गेनसेन यांनी कोबाल्ट आणि एथिलीनडायअमीनचे हिरवे आणि जांभळे क्षार तयार केले होते. ते धातूभोवतीच्या अमोनियाच्या साखळ्या मानत. झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलं, की साखळ्या वगैरे काही नाही, कोबाल्टभोवती सहा जागा अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात. हे खरं असेल, तर दोन एथिलीनडायअमीन असलेल्या काही संयुगांना उजवा आणि डावा असे दोन आरसाप्रतिमा-प्रकार हवेत. १९११ मध्ये वेर्नर आणि त्यांचे विद्यार्थी व्हिक्टर किंग यांनी ते दोन प्रकार खरोखरच वेगळे केले. १९१३ मध्ये वेर्नरना नोबेल मिळालं. तरी शंका उरलीच: या दोन प्रकारांचा ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवण्याचा गुण कार्बनमुळे तर आला नसेल? कारण एथिलीनडायअमीनमध्ये कार्बन आहेच. म्हणून १९१४ मध्ये त्यांनी कार्बनचा एकही अणू नसलेलं कोबाल्टचं संयुग घेऊन तेच करून दाखवलं. इतक्या चिकाटीने स्वतःच्याच पुराव्यातली फट बुजवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

ईडीटीए, म्हणजे धातूंना पकडणारं रसायन, तर तुम्ही रोज वापरता. पाण्याचा जडपणा मोजताना लालसर रंग निळा होतो ना, तेच. त्याचा कणा एथिलीनडायअमीनच आहे. त्यावर जास्त बोलत नाही.

मला आवडणारा उपयोग कागदाचा आहे. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांतही नाही. पण तांबं आणि एथिलीनडायअमीनच्या गडद निळ्या-जांभळ्या द्रावणात विरघळतो, कारण तांबं ग्लुकोजच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतं. मग त्या द्रावणाची विष्यंदिता (दाटपणा) मोजायची आणि साखळीत सरासरी किती ग्लुकोज आहेत ते काढायचं. वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये तेलात बुडालेला कागद असतो. नवा असताना हा आकडा हजाराच्या आसपास, आणि तो २०० वर आला की कागदाचं बळ गेलं असं धरतात. एका मोठ्या यंत्राचं उरलेलं आयुष्य काचेच्या नळीत मोजलं जातं! मात्र हवेतला ऑक्सिजन आत शिरता कामा नये. या अल्कधर्मी द्रावणात तो साखळ्या तोडतो आणि आकडा खोटा येतो.

बाटली हाताळताना एक गोष्ट गांभीर्याने घ्या. उघडल्यावर पांढरा धूर दिसतो आणि झाकणाभोवती पांढरा थर जमतो, कारण हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ते ओढून घेतं. त्वचेला आणि श्वासनलिकेला त्याची ॲलर्जी जडू शकते, दमाही होऊ शकतो, आणि एकदा जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) आणि हातमोज्यांशिवाय बाटली उघडू नका.

आता अलीकडचं. २०१३ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटाने सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन बंद भांड्यात २०० अंशांना तापवून निळे चमकणारे कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, बनवले. क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत बाहेर पडतात ते प्रमाण) ८० टक्क्यांच्या घरात. कृती सोपी, म्हणून जगभर केली जाते. पण नंतरच्या तपासात दिसलं, की त्या चमकेचा मोठा भाग एका लहान रेणूचा आहे. एथिलीनडायअमीनची दोन्ही टोकं सायट्रिक आम्लाशी जुळून तो बनतो, आणि इथेही पाच अणूंचंच कडं आहे. तेव्हा तुमच्यापैकी जे हा प्रयोग करणार आहेत, त्यांनी डायलिसिस (सच्छिद्र पिशवीतून लहान रेणू पाण्यात जाऊ देणं) पुरेसा वेळ करा, आणि पिशवीबाहेरच्या पाण्याचीही चमक मोजा. ते पाणी जास्त चमकलं, तर तोच निकाल प्रामाणिकपणे लिहा.