ब्रुक्स पर्वतरांगेत पायवाटेविना चालताना

मित्रहो, अलास्काच्या उत्तरेकडील ब्रुक्स पर्वतरांगेत सॅक पाठीवर घेऊन आठ-दहा दिवस चालायचे असेल, तर नियोजन कशाच्या आधाराने करावे, याविषयी मी आज बोलणार आहे. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो एकूण अंतराचा, कारण मळलेल्या वाटेवर त्या एका आकड्यावरून दिवसांचा, शिध्याचा आणि ओझ्याचा हिशेब मांडता येतो. या प्रदेशात मात्र तो आकडा फारसा उपयोगी पडत नाही, आणि याचे कारण पायाखालच्या जमिनीत आहे.

ही रांग साधारण 1,100 किलोमीटर लांब असून तिचा मधला मोठा भाग ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ या संरक्षित क्षेत्रात येतो. रॉबर्ट मार्शल हे वनशास्त्रज्ञ 1929 मध्ये या भागात प्रथम आले. कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्याच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल माउंटन या शिखरांची जोडी त्यांना आर्क्टिकच्या प्रवेशद्वारासारखी वाटली आणि त्यांनी तिला तसे नावही दिले. 1980 मध्ये त्याच नावाने राष्ट्रीय उद्यान झाले. संरक्षित क्षेत्राचा एकूण विस्तार सुमारे 34,000 चौरस किलोमीटर आहे, आणि एवढ्या मुलखात उद्यानाने एकही रस्ता बांधलेला नाही की एकही पायवाट आखलेली नाही. हे जाणीवपूर्वक राखलेले धोरण आहे आणि मला ते मनापासून योग्य वाटते. आत जायचे तर बेटल्ससारख्या ठिकाणाहून छोट्या विमानाने एखाद्या तळ्यावर किंवा गोट्यांच्या पट्ट्यावर उतरावे लागते, नाहीतर डाल्टन महामार्गावरून किंवा अनाक्तुवुक पास या गावातून चालत शिरावे लागते.

आता जमिनीकडे वळू. पृष्ठभागाखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेलाच राहणारा थर असतो. उन्हाळ्यात वरची थोडी माती वितळते, पण पाण्याला खाली मुरायला जागा नसल्याने ते वरच साचून राहते. अशा दलदलीत कापूसगवताचे ठोंब वाढतात, ज्यांना तिकडे टसॉक म्हणतात. ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उंच असतात, बुडाशी बारीक आणि माथ्याशी फुगलेले असतात. माथ्यावर पाय दिला तर ठोंब कलंडतो, आणि दोन ठोंबांच्या मधे पाय दिला तर तो चिखलपाण्यात रुततो. पाठीवर वीस-पंचवीस किलो ओझे असताना अशा मैदानात तासाभरात एक किलोमीटरही पुढे न सरकणे अगदी शक्य आहे. एक मैलाला एक इंच या प्रमाणाचे जे जुने सरकारी नकाशे आजही वापरात आहेत, त्यांवर हेच मैदान सपाट आणि निरुपद्रवी दिसते. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दूर दूर पाहून नवखा माणूस नेमकी तीच दिशा निवडतो. त्याच्या शेजारची, नकाशावर चढउताराची दिसणारी कोरडी धार किंवा नदीकाठचा गोट्यांचा पट्टा कितीतरी वेगाने पार होतो. कॅरिबूंच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडियरांच्या, कळपांनी पाडलेल्या वाटाही बहुधा अशाच कोरड्या अंगाने जातात. त्या सापडतील तिथवर धराव्यात आणि आपली दिशा सोडून वळू लागल्या की सोडून द्याव्यात. दक्षिण उतारावरच्या ओढ्यांच्या काठी विलो आणि आल्डरची दाट झुडपे लागतात, त्यांतून सॅक ओढत काढण्यापेक्षा वळसा घालणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे असते. म्हणूनच इथले अनुभवी लोकही दिवसाला दहा किलोमीटर झाले तर समाधान मानतात.

नद्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्याचे मूळही त्याच गोठलेल्या थरात आहे. पाऊस जमिनीत मुरत नाही, तो थेट ओढ्यात उतरतो. त्यामुळे डोंगरात कुठेतरी पाऊस झाला की सकाळी पोटरीइतके असलेले पाणी संध्याकाळी कमरेला लागू शकते. इथे पूल नाहीत. नदी जिथे अनेक प्रवाहांत फाटून पसरलेली असेल तिथे ती ओलांडावी, कारण अरुंद जागी पाणी खोल आणि जोरकस असते. पायांत बूट ठेवावेत, सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा म्हणजे पडल्यास ओझे झटकन टाकता येईल, आणि काठीचा आधार घेऊन प्रवाहाकडे तोंड करून सरकत जावे. तरीही पाणी जास्त वाटले तर तंबू लावून थांबावे. मी आग्रहाने सांगतो की, हे थांबणे आधीपासूनच नियोजनात धरलेले असले पाहिजे. ज्या गटाकडे एकही मोकळा दिवस नसतो, तो गट विमान चुकेल या भीतीने नको त्या वेळी पाण्यात उतरतो. शिवाय ढग खाली उतरले की विमानही ठरल्या दिवशी येत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांचा जास्तीचा शिधा जवळ हवाच, मग सॅक कितीही जड होवो.

शिधा ठेवायचा तो अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात. उद्यानाचा तसा नियम आहे. स्वयंपाकाची जागा आणि ते डबे तंबूपासून शंभर पावलांहून जास्त दूर असावेत. डासांसाठी डोक्यावरची जाळी पुरते, आणि जूनमध्ये सूर्य मावळतच नसल्याने अंधार पडण्याची चिंता राहत नाही. थंड पहाटे चालून भर दुपारी विश्रांती घेतली तरी चालते.

मुक्कामाच्या जागेबाबत मात्र एक खरी अडचण आहे. टुंड्रातली शैवाके आणि झुडपे अत्यंत सावकाश वाढतात, त्यामुळे त्यांवर तंबू ठोकला तर खुणा वर्षानुवर्षे टिकतात. नदीचा पुढचा पूर सगळ्या खुणा धुऊन नेतो, म्हणून गोट्यांचा पट्टा सर्वांत निर्दोष जागा ठरतो; पण तोच पूर आपण झोपलेलो असतानाही येऊ शकतो. यावर उपाय एवढाच की पट्ट्याचा उंच भाग निवडावा, पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवून पातळीवर लक्ष ठेवावे आणि वर सरकण्याची वाट आधीच पाहून ठेवावी. चालतानाही टुंड्रावर एकामागे एक न जाता पसरून चालावे, नाहीतर आपल्याच पावलांनी तिथे पायवाट तयार होते.

या प्रदेशाला ओसाड समजू नये. अनाक्तुवुक पास हे नुनामिउत या तिथल्या मूळनिवासी लोकांचे गाव आहे, कॅरिबूची शिकार हा त्यांच्या जगण्याचा आधार आहे, आणि गावाभोवतीची बरीचशी जमीन त्यांच्या मालकीची आहे. तिथून मार्ग आखताना जमिनीच्या सीमा आधी विचारून घ्याव्यात, शिकारीच्या काळात कळपाच्या वाटेवर तंबू लावू नये, आणि आपला मार्ग व परतीची तारीख बेटल्स किंवा कोल्डफूट येथील केंद्रात नोंदवूनच निघावे.