हकीम ओलाजुवान : पदलालित्याने घडवलेला सेंटर

नमस्कार. बास्केटबॉलमध्ये सेंटर हा बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू असतो आणि त्याच्याविषयी बोलताना चर्चा उंची आणि ताकद यांभोवतीच फिरत राहते. हकीम ओलाजुवान यांची उंचीही सुमारे सात फूट होती. मात्र त्यांचा मोठेपणा समजून घ्यायचा असेल, तर त्यांच्या पायांकडे पाहावे लागते.

ओलाजुवान यांचा जन्म १९६३ मध्ये नायजेरियातील लागोस येथे झाला. लहानपणी ते फुटबॉलमध्ये गोलरक्षक होते, हँडबॉलही खेळत, आणि शाळेची शेवटची वर्षे येईपर्यंत बास्केटबॉलशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. उशिरा सुरुवात झाल्याने त्यांचे नुकसान झाले असे अनेकांना वाटेल; मला तर तो त्यांचा सर्वांत मोठा लाभ वाटतो, कारण चपळपणे वळणे आणि समोरच्याचा अंदाज घेऊन झेपावणे हे सारे ते आधीच शिकून आले होते. पुढे ह्यूस्टन विद्यापीठात शिकत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मोझेस मलोन यांच्यासारख्या कसलेल्या सेंटरविरुद्ध खेळून त्यांनी अंगावर येणाऱ्या धक्क्यांची सवय करून घेतली. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग असलेल्या एनबीएमध्ये संघ नव्या खेळाडूंची क्रमाक्रमाने निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या संघाने त्यांना पहिल्या क्रमांकावर निवडले. मायकेल जॉर्डन त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर निवडले गेले, तरीही ह्यूस्टनचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही.

आता त्यांच्या ‘ड्रीम शेक’ या डावाकडे नीट पाहू. नियम असा आहे की ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणे, थांबवल्यानंतर एक पाय जमिनीवर रोवलेला ठेवावा लागतो, दुसरा मात्र कोणत्याही दिशेला टाकता येतो. ओलाजुवान बास्केटकडे पाठ करून चेंडू घेत, खांदा आणि चेंडू एका बाजूला झुकवत आणि बचाव करणाऱ्याचा तोल त्या बाजूला गेला की रोवलेल्या पायावर गिरकी घेऊन विरुद्ध दिशेला वळत. तो सावरून पुन्हा आडवा आलाच, तर ते चेंडू फेकण्याचा आव आणत. बचाव करणारा हवेत उडाला की त्याच्या बाजूने पाऊल टाकून सहज गुण मिळवत. १९९५ च्या वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधील पश्चिम गटाच्या, अंतिम मालिकेत, ज्यांना नुकताच मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता त्या डेव्हिड रॉबिन्सन यांचीही अशीच त्रेधा उडाली. बचावात अव्वल असलेला खेळाडू असा फसतो, तेव्हा दोष त्याचा नसतो.

त्याआधीच्या वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, न्यूयॉर्क निक्सविरुद्धची एनबीएची अंतिम मालिका ह्यूस्टनच्या हातून जवळजवळ निसटली होती. निक्स ३-२ ने पुढे होते आणि सहाव्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी जॉन स्टार्क्स यांचा तीन गुणांचा फटका बास्केटमध्ये गेला असता, तर विजेतेपद तिथेच न्यूयॉर्कला मिळाले असते. ओलाजुवान झेपावले, बोटांची टोके चेंडूला लागली आणि ह्यूस्टनने तो सामना ८६-८४ असा जिंकला. सातवा सामनाही त्यांनीच जिंकला. सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू हे तिन्ही मान एकाच मोसमात मिळवणारे ते एनबीएमधील एकमेव खेळाडू आहेत. १९९५ मध्ये कॉन्फरन्समध्ये सहाव्या मानांकनावरून सुरुवात करूनही ह्यूस्टनने पुन्हा विजेतेपद पटकावले आणि अंतिम मालिकेत शकील ओनील यांच्या ऑर्लँडो मॅजिकला ४-० असे हरवले. रमजानच्या महिन्यात रोजे पाळूनही ओलाजुवान पूर्ण तयारीने मैदानात उतरत, हेही आवर्जून सांगायला हवे.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकले. अखेरचा मोसम टोरांटो रॅप्टर्सकडून खेळून २००२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ३,८३० ब्लॉक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा बास्केटकडे जाणारा फटका हाताने अडवण्याच्या नोंदी, होत्या. तो विक्रम आजही अबाधित आहे. अर्थात १९७३-७४ च्या मोसमापूर्वी ब्लॉकची अधिकृत नोंदच होत नसे, त्यामुळे त्याआधी खेळलेल्या बिल रसेल यांच्यासारख्या सेंटरशी तुलना करता येत नाही. निवृत्तीनंतर कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स हे दोघेही त्यांच्याकडे शिकायला गेले. या दोघांपैकी एकही सेंटर नव्हता.