बशीत मेलेली पेशी

(नाशिकमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय: वनस्पतींतली द्रव्यं आणि कर्करोगाच्या पेशी. त्याकडे येतोच. आधी मला सांगा, नंदुरबारचे मनसुख वाणी कुणाकुणाला माहीत आहेत? हात वर करा. दोन! आणि त्यातले एक केमिस्ट्रीचे प्राध्यापक आहेत, म्हणजे ते मोजायचे नाहीत.

मंडळी, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याच नाशिक विभागातला हा माणूस. १९२५ साली नंदुरबारला जन्म, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., अमेरिकेत पीएच.डी., आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांच्याबरोबर काम. कीमोच्या वॉर्डात आज ज्यांना पॅक्लिटॅक्सेलची सलाईन लागली असेल, त्यांच्या बाटलीतलं औषध या जोडीने शोधलंय. पाठ्यपुस्तकात तरी आहेत का हे वाणी? मी शाळांमधून विचारत असतो. मुलं एकमेकांकडे बघतात.

आणि शोधलं कसं, ते ऐका. पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल आणि खोड, सुकवलेलं, १२ किलो. त्याचा अर्क काढायचा, त्याचे वाटे करायचे, प्रत्येक वाटा प्रयोगशाळेत तपासायचा. जो गाठीच्या पेशींना मारतो तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. उरलेल्याचे पुन्हा वाटे, पुन्हा तपासणी. शेवटी हाती आलं अर्धा ग्रॅम! त्या अर्ध्या ग्रॅमवरून त्यांनी रेणूची रचना मांडली आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ मध्ये. एकवीस वर्षं! आपल्याला काढा आठवड्यात लागू पडायला हवा असतो.

याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य वेगळं केलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडतं, आणि त्यापायी नरक्या बेसुमार तोडला गेला. यावर मी तासभर बोलू शकतो... हो, हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. मग मूळ मुद्दा भराभर सांगतो.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेणारे बारीक तंतू तयार होतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतलं व्हिनब्लास्टिन ते तंतू जुळूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल उलटं करतं, जुळलेले तंतू सुटू देत नाही. हे अमेरिकन शास्त्रज्ञ सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. दोन्हीकडे पेशी मधेच अडकते आणि मरते. पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या अस्तरात, अस्थिमज्जेतही पेशी सतत दुभंगत असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. सदाफुलीची पानं कुणी चावून खाऊ नका. ते विष आहे. मोजून, शिरेतून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं तरच औषध.

म्हणून ‘अमुक पाल्याने कॅन्सरच्या पेशी मेल्या’ असा मेसेज आला की दोन गोष्टी विचारा: निरोगी पेशींचं काय झालं, आणि मात्रा किती होती? बशीतली, म्हणजे प्रयोगशाळेत पसरट भांड्यात वाढवलेली पेशी कशानेही मरते. ब्लीच ओता, मरेल.

आणि ती खरंच मेली का, हेही बघावं लागतं. नेहमीची चाचणी एमटीटी नावाच्या रंगद्रव्याची. त्याचं पिवळं द्रावण टाकायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मग जांभळेपणा यंत्रावर मोजायचा. पण काही वनस्पतींचे अर्क स्वतःच त्या पिवळ्याचं जांभळं करतात, पेशी असोत वा नसोत. काही अर्क मुळातच गडद रंगाचे. चाचणीच्या थाळीतल्या एका खळग्यात पेशी न घालता नुसता अर्क ठेवून तुलना केली नसेल, तर आकडा काय मोजतोय ते सांगता येत नाही.

आता आपल्या द्राक्षांचं. सालीतलं रेझव्हेराट्रॉल नावाचं द्रव्य बशीतल्या पेशींवर साधारण ५० मायक्रोमोलरला वापरतात, म्हणजे लिटरला ११ मिलिग्रॅम. एक लिटर रेड वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, आणि पोटात गेल्यावर आतडं आणि यकृत त्याचं रूप पालटून टाकतात. रक्तात मूळ रूपात पोचतं ते नावापुरतं. द्राक्षं भरपूर खा, आपल्या शेतकऱ्याचं भलं होईल. पण कर्करोगावरचं औषध म्हणून खाऊ नका.

हळदीतल्या कर्क्युमिनचंही तेच. पाण्यात विरघळत नाही, रक्तात टिकत नाही. त्यावर उपाय म्हणून मिरीतलं पिपरिन घालतात, कारण ते यकृताचं काम मंद करतं. पण तेच यकृत तुमच्या बाकीच्या गोळ्याही निकालात काढत असतं. तेव्हा घरात कुणाची कीमो चालू असेल आणि सोबत कुठला काढा, कॅप्सूल सुरू असेल, तर बाटली उद्याच पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका.