मस्कत, मुंबई, झांजिबार

नमस्कार मंडळी,

अरबी संगीताचा प्रभाव म्हटलं की बहुतेक जण स्पेनकडे वळतात. अरबांचं ऊद हे तंतुवाद्य तिथे गेलं आणि त्याचं युरोपातलं ल्यूट झालं, ही गोष्ट खरीच. पण ओमानच्या मस्कतमध्ये राहून तेवढंच सांगणं बरं नाही. इथल्या राजघराण्याची सत्ता एके काळी पार पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटापर्यंत होती, आणि त्या समुद्रवाटेवर आपली मुंबईही येते. त्याच वाटेवर घडलेल्या झांजिबारच्या ‘ताराब’ या गाण्याची ही गोष्ट.

झांजिबारचे सुलतान बरघश १८७० मध्ये गादीवर आले. त्याआधी हद्दपारीचा काळ त्यांनी मुंबईत काढला होता. त्यांना गाण्याबजावण्याचा भारी शौक. त्यांनी इजिप्तहून कलावंत बोलावले आणि आपल्याकडचा एक माणूस कानून हे तंतुवाद्य शिकायला कैरोला धाडला, असं तिथे सांगतात. कानून मांडीवर घेऊन वाजवतात. दिसायला आपल्या स्वरमंडळाच्या जवळचं, पण एकेका सुराला तीन-तीन तारा, दोन्ही तर्जनींना नख्या, आणि डावीकडे बारीक पट्ट्या. वाजवता वाजवता पट्टी उचलली की सूर जरासा सरकतो.

हा ‘जरासा’ महत्त्वाचा. अरबी संगीतात मकाम म्हणजे साधारण आपला राग. त्यांच्या रास्त मकामातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध बसतो. हिजाज मकाम मात्र ऐकताक्षणी ओळखीचा वाटतो: सा, कोमल रे, शुद्ध ग, म. थेट भैरवाचं पूर्वांग! पुढे झांजिबारच्या ताराब मैफलींत भारतीयांकडून पेटीही शिरली. आता पेटीवर तो मधला गंधार कुठून काढणार?

दरबारात हे गाणं अरबीत चाले. ते गल्लीबोळांत नेलं सिती बिन्ती साद या बाईंनी. गुलामीत राहिलेल्या आईबापांची ही लेक, खेड्यातून शहरात येऊन मडकी विकायची. तिने स्वाहिलीत गायला सुरुवात केली. गाण्यांत गावातल्या भानगडी, कोर्टकचेऱ्या, बाईवर झालेला अन्याय, सगळं आलं. १९२८ मध्ये ती आपल्या वादकांना घेऊन बोटीने मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी तिने स्वाहिली गाणी ध्वनिमुद्रित केली. पूर्व आफ्रिकेतल्या घराघरांत आणि चहाच्या दुकानांत त्या तबकड्या वाजू लागल्या. माझ्या मते ताराबचा खरा जन्म हाच. दरबारातली हौस तोवर उसनी होती.

ताराबची मैफल आजही बघण्यासारखी असते. एखादी ओळ काळजाला भिडली की श्रोता, बहुतेकदा बाईच, ठेक्यावर डुलत पुढे येते आणि गाणारीच्या हातात नोट ठेवते. तमाशातली दौलतजादा आठवते ना? फरक एवढाच की इथे कधीकधी ती नोट शेजारणीला टोमणा म्हणूनही दिलेली असते, आणि कोणाला ते सगळ्या मांडवाला कळतं.

सितीचं गाणं ऐकून शिकलेल्या बी किदुदे अगदी म्हातारपणापर्यंत गात राहिल्या. त्या २०१३ मध्ये गेल्या. त्यांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. आधी त्या ऐका, मग सितीच्या जुन्या तबकड्यांकडे वळा. खरखर फार आहे, कान थोडा तयार लागतो.